उतारवयातील आसने

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात ज्येष्ठ सभासदांपुढे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, वधूवरांच्या याद्या वाचल्या जातात, देणगीदारांचे आभार मानले जातात. परंतु साठी ओलांडलेल्या सभासदांसाठी शाल, श्रीफळ आणि पहिल्या रांगेतील खुर्ची यांपलीकडे सहसा काही राखून ठेवलेले नसते. यंदा चिटणीसांनी या मंडळींसाठी एक तास राखला आणि तो मजकडे सोपविला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी वैद्य नव्हे, योगीही नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला आणि पुढे ३९ वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविलेला एक सेवानिवृत्त मास्तर आहे. तेव्हा समाधी, कुंडलिनी अशा थोर विषयांत मी शिरणार नाही. म्हाताऱ्या शरीराला आसनांचा काय उपयोग होतो आणि काय होत नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आरंभ घरच्याच एका गोष्टीपासून करतो. माझे थोरले बंधू आपणांपैकी अनेकांना परिचित होते. सत्तरीतही ते दररोज पहाटे पाच किलोमीटर चालत. त्यांना मधुमेह नव्हता, व्यसन नव्हते. २०१९ च्या श्रावणात एका रात्री ते लघुशंकेसाठी उठले, अंधारात न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर एक पाऊल सरकले आणि ते कुशीवर पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, मुलांनी शुश्रूषेत काही उणे ठेवले नाही. तथापि दादा पुन्हा आधारावाचून चालले नाहीत आणि अकराव्या महिन्यात गेले. तेराव्याला आलेला प्रत्येक जण मला एकच म्हणत होता, "एवढे चालणारे गृहस्थ, पडले कसे?" त्या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस झोप लागू दिली नाही. चालणे हा चांगला व्यायाम खराच; पण सपाट रस्त्यावर सरळ चालण्याने तोल सावरण्याचा सराव फारसा होत नाही, हे मला पुढे कळले. एक पाय सरकला असता दुसऱ्या पायावर क्षणभर सारा भार तोलून धरणे ही निराळी विद्या आहे, आणि ती न वापरल्यास हळूहळू विसरली जाते.

माणूस उभा राहतो तो केवळ पायांच्या जोरावर नव्हे. डोळे, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय, आणि तळपाय व सांधे यांतून मेंदूकडे जाणारी जाणीव अशी तीन साधने एकत्र काम करीत असतात. वयाबरोबर तिन्ही मंदावतात. मधुमेह जुना असल्यास तळपायाची जाणीव आणखी बोथट होते. त्यात मांसपेशींची झीज. ही झीज तिशी-चाळिशीनंतरच हळूहळू सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. मांड्यांची शक्ती गेली की खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, मग उंच खुर्ची लागते, मग कोणाचा तरी हात लागतो. हे सारे इतके सावकाश घडते की आपले काही हरवले आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही.

माझ्याही आले नव्हते. शाळेत कवायतीचा तास मजकडेच असे. शिट्टी वाजवून दोनशे मुलांना मी उठाबशा काढावयास लावीत असे. स्वतः मात्र ओट्यावर उभा! २०१६ साली निवृत्त झालो आणि वेळ घालविण्यासाठी दूरचित्रवाणीवर पाहून आसने करू लागलो. गुरू नाही, वैद्याचा सल्ला नाही. दुसऱ्याच आठवड्यात सर्वांगासनाचा प्रयत्न केला आणि मानेत अशी कळ आली की दीड महिना गळ्याला पट्टा बांधून हिंडावे लागले. तेव्हा मी सर्वांना सांगत सुटलो की योग हे तरुणांचे काम आहे. चूक माझी, आणि दोष शास्त्राला दिला.

दादा गेल्यानंतर तालुक्याच्या गावी लोणावळ्यास शिकून आलेले एक योगशिक्षक आहेत, त्यांजकडे गेलो. शीर्षासन शिकवितील अशी माझी कल्पना. त्यांनी सतरंजी अंथरली आणि म्हणाले, "गुरुजी, खाली बसा आणि हात न टेकता उठा." मी बसलो, बसलो म्हणण्यापेक्षा शेवटच्या वीतभर अंतरात आदळलो. उठताना प्रथम एक हात, मग गुडघा, मग दुसरा हात. शिक्षक काही बोलले नाहीत. माझ्याबरोबर आलेल्या वहिनी मात्र शेजारी मांडी घालून बसल्या होत्या, त्या पदर सावरीत हात न लावता सहज उठल्या. जन्मभर जमिनीवर बसून त्यांनी भाकऱ्या थापल्या, पापड लाटले, भाजी निवडली. त्याला कोणी योग म्हटले नव्हते.

या उठण्याबसण्याची परीक्षा ब्राझीलमधील वैद्यांनी रीतसर घेतली आहे, आणि मास्तर या नात्याने मला तिच्यातील गुणदानाची पद्धत फार आवडली. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण वजा. नुसता तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांची ही परीक्षा घेऊन त्यांनी २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक. त्याच मंडळींनी २०२२ साली दुसरी पाहणी प्रसिद्ध केली. ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना दहा सेकंद एका पायावर उभे राहावयास सांगितले, तेव्हा पाचांतील एकाला ते जमले नाही. आणि न जमलेल्यांपुढील धोका, वय व आजार हिशेबात धरूनही, अधिक आढळला. यावरून एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा अर्थ कोणी काढू नये. ज्याचे शरीर आतून खचले आहे त्याला ते जमत नाही, एवढेच यातून दिसते. ताप मोजण्याची नळी तापावरचे औषध नव्हे. मला पहिल्या दिवशी दहांपैकी साडेपाच गुण मिळाले होते. मी मुलांना एवढ्या गुणांवर कधी शाबासकी दिली नाही.

मग औषध कोणते? येथे आसनांचा संबंध येतो. घेरंडसंहितेत बत्तीस आसने वर्णिली आहेत, त्यांत वृक्षासन आहे. एक पाऊल दुसऱ्या मांडीच्या मुळाशी ठेवून झाडाप्रमाणे उभे राहावयाचे. म्हाताऱ्या माणसाने पाऊल मांडीपर्यंत नेण्याचा हट्ट धरू नये. पायाचा अंगठा जमिनीला टेकलेला, टाच दुसऱ्या घोट्याशी आणि एक हात भिंतीला, एवढे आरंभाला पुरे. भिंतीवरील हात मग पंजावरून दोन बोटांवर येतो, दोन बोटांवरून एका बोटावर. मला त्या एका बोटापर्यंत यावयास सात आठवडे लागले. ताडासन हे त्याहून सोपे वाटते, पण दोन्ही पावलांवर सारखा भार देऊन ताठ उभे राहून पाहावे. आपण किती वर्षे एकाच पायावर रेलून उभे राहत होतो ते उमजते. खुर्चीच्या कडेवर बसून हात छातीशी धरावे आणि सावकाश उठावे, सावकाश बसावे. यात उत्कटासनाचेच बीज आहे आणि मांड्यांना यासारखी मेहनत दुसरी नाही. पाठीवर निजून गुडघे दुमडून कंबर उचलणे, म्हणजे सेतुबंध, याने नितंबांच्या स्नायूंना बळ येते. शेवटी शवासन, मात्र त्यातून उठताना कुशीवर वळून, क्षणभर बसून मगच उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास घेरी येते, आणि पडू नये म्हणून केलेला व्यायाम पडण्यालाच कारण व्हावयाचा.

या सर्वांची पारख आता रुग्णांवर व निरोगी वृद्धांवर प्रयोग करून झाली आहे. साठीपुढील ३०७ लोकांवरील सहा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात योगाभ्यासाने तोल थोडा आणि हालचालींतील सहजता त्याहून काहीशी अधिक सुधारल्याचे दिसले. २०२३ सालच्या एका मोठ्या आढाव्यात ३३ प्रयोग व २३८४ माणसे होती. चालण्याचा वेग वाढतो हा त्यातील सर्वांत भरवशाचा निष्कर्ष. पायांच्या बळाबद्दलचा पुरावा त्याहून कच्चा आणि तोलाबद्दलचा आणखी कच्चा. शिवाय इतर योग्य व्यायामांपेक्षा योग वरचढ आहे असे त्यात सिद्ध झाले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आपल्या मंडळींना आपले ते सर्वश्रेष्ठ म्हणण्याची हौस असते. मला विचाराल तर वरचढ नसले तरी बिघडत नाही. ज्याला यंत्रे नकोत, पैसे नकोत, जे अंगणात, देवघरात, पावसाळ्यात घरच्या घरी करता येते आणि ज्याचा आपल्या माणसांना परकेपणा वाटत नाही, ते हाताशी असताना सोडावे का?

आसनांची अशी पारख करण्याची वाट दाखविणारा पुरुष आपल्याच प्रांतात कार्य करून गेला, याचे विस्मरण होऊ नये. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. परंपरेवर त्यांची श्रद्धा होती, पण ती मोजून पाहावयास ते कचरले नाहीत. पुण्यास बी. के. एस. अय्यंगार यांनी निराळेच उपकार केले. लहानपणी हिवताप, क्षय अशा आजारांनी जर्जर झालेला हा माणूस १९३७ साली पुण्यास आला आणि २०१४ साली पंचाण्णवाव्या वर्षी दिवंगत होईतो, अगदी शेवटचा थोडा काळ सोडल्यास म्हणा, आसने करीत राहिला. खुर्ची, दोरी, घोंगडी, लोड, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन कोणत्याही शरीराकडून आसन करवून घेण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. आधार घेतला म्हणजे आसन खोटे झाले, अशी समजूत अजूनही आपल्यात आहे. वास्तविक हठप्रदीपिकेच्या कर्त्याने वृद्ध, अतिवृद्ध, रोगी आणि दुर्बल यांनाही अभ्यासाचा अधिकार स्पष्टपणे दिला आहे. आणि आसन स्थिर व सुखकर असावे ही पतंजलींची अपेक्षा आहे. थरथरत, दात ओठ खात केलेल्या कसरतीपेक्षा लोडावर टेकून केलेले आसन या व्याख्येला अधिक जवळचे, असे मला वाटते.

आता सावधगिरीच्या गोष्टी. त्या कंटाळवाण्या असल्या तरी मी त्या गाळणार नाही. माझी मान साक्ष आहे. ज्यांना काचबिंदू आहे त्यांनी शीर्षासन किंवा डोके खाली जाणारे कोणतेही आसन करू नये, कारण त्या वेळी डोळ्यातील दाब फार वाढतो. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, आणि आपल्या वृद्ध भगिनींत अशा पुष्कळ आहेत, त्यांनी कंबरेतून जोराने पुढे वाकण्याची व पाठ पिळण्याची आसने टाळावीत. अशाने मणका चेपण्याचा संभव असतो. झिजलेल्या गुडघ्यांवर वज्रासन वा पद्मासनाची सक्ती करू नये. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल किंवा अंतर्गळ असेल तर श्वास दाबून धरणे आणि जोराची कपालभाती वर्ज्य. मधुमेहाचे औषध घेऊन उपाशीपोटी तासभर व्यायाम करणे हेही शहाणपणाचे नव्हे. आणि हे सर्व करताना गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सावकाश, दीर्घ श्वसनाने व आसनांनी रक्तदाब काही अंशाने उतरतो हे खरे आहे. पण किती उतरला आणि गोळी किती कमी करावी, हे ठरविणे डॉक्टरांचे काम. मागे आपल्याच एका सभासदांनी तीन महिने गोळ्या सोडल्या होत्या आणि ते मोठ्या अभिमानाने सांगत होते. ते आज समोर बसले आहेत, ही ईश्वराची कृपा.

मलावरोध, झोप, पाठदुखी यांवरही आसनांचा उपयोग अनेकांना होतो आणि मलाही झाला आहे. पण मी त्यांच्या मागे लागून मुख्य विषय सोडू इच्छीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली वृद्धांसाठी जे मार्गदर्शन केले, त्यात चालण्यासारख्या व्यायामाबरोबर तोल आणि बळ वाढविणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावा असे म्हटले आहे. २१ जूनला योगदिनी पांढरे कपडे घालून छायाचित्र काढून घेणाऱ्या आपल्या काही मंडळींनी यातील 'तीन दिवस' हे शब्द ध्यानी घ्यावेत.

मला हात न टेकता उठता येण्यास पाच महिने लागले. ज्या सकाळी ते प्रथम जमले त्या सकाळी घरात कोणीच जागे नव्हते. मी पुन्हा बसलो आणि पुन्हा उठलो; आणि दादांची फार आठवण झाली. त्यांना कोणी हे दाखविले असते तर ते पडले नसते असे मी म्हणत नाही. ओली फरशी, अंधार, घाई, यांपुढे कोणाचे काही चालत नाही. न्हाणीघरात रात्रीचा दिवा व भिंतीला धरण्याची दांडी हीही आसनांइतकीच महत्त्वाची आहेत, आणि त्या श्रावणात आमच्या घरी दोन्ही नव्हती. पण दादांना निदान एक संधी अधिक मिळाली असती. ते रोज चालत आणि मी, धाकटा भाऊ, कवायतीचा मास्तर, ते चालतात एवढ्यावर निश्चिंत होतो.

आता ज्यासाठी मी चिटणीसांकडून हा तास मागून घेतला, ते कार्यकारिणीच्या कानी घालतो. मागील बैठकीत सभागृहातील सतरंज्या व पाट मोडीत काढून दोनशे खुर्च्या घेण्याचे ठरले. ज्यांना खाली बसवत नाही त्यांची सोय झाली पाहिजे, यात वाद नाही. परंतु गेल्या वैशाखात याच सभागृहातील लग्नात मी एक दृश्य पाहिले. वहिनी सवयीने कोपऱ्यात जमिनीवर बसू लागल्या, तोच चार तरुण धावले आणि त्यांना उचलून खुर्चीवर बसविले. मुलांचा हेतू आदराचाच होता. पण ज्या बाईला उभ्या आयुष्यात उठायला कोणाचा हात लागला नाही, तिच्या जमिनीवरून उठण्याला आपण अशाने सुट्टी देत आहोत. दोन वर्षे ही सुट्टी चालली तर तिचेही गुण माझ्याइतकेच भरतील.

म्हणून विनंती अशी, की बारा सतरंज्या आणि वीस पाट ठेवावेत. रविवारी व बुधवारी सकाळी सात ते आठ सभागृह भाड्याने दिलेले नसते. तो वेळ ज्येष्ठांसाठी मोकळा ठेवावा. तालुक्याचे शिक्षक केवळ एस. टी. च्या भाड्यावर यावयास तयार आहेत. भगिनींसाठी बुधवार निराळा असावा असे वहिनींचे म्हणणे आहे, आणि त्या आठ जणींची नावे आणतील. उरलेल्या एका दिवसाचा अभ्यास प्रत्येकाने घरी करावयाचा आहे. पूर्वेची भिंत वृक्षासनाला सोयीची आहे, फक्त तेथील माजी अध्यक्षांची छायाचित्रे हातभर वर सरकवावी लागतील. त्यांच्यापैकी कोणाची हरकत असणार नाही असे मी समजतो. खर्च म्हणून सध्या तरी भिंतीला एक लाकडी दांडी आणि दोन भक्कम, बिनचाकांच्या खुर्च्या, एवढेच मला सुचते. दांडीचे पैसे मी देईन.

येणाऱ्यांनी हलका नाश्ता करून, सैल कपड्यांत यावे. पायमोजे नकोत, ते गुळगुळीत फरशीवर सरकतात. आपण घेत असलेल्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून आणावी. शिक्षक ती पाहिल्यावाचून कोणाला सतरंजीवर घेत नाहीत. ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी तसेच यावे, त्यांचा अभ्यास खुर्चीपासून सुरू होईल. नावे माझ्याजवळ किंवा वहिनींजवळ आजच जेवणापूर्वी द्यावीत. पंगत आज जमिनीवरच आहे.